तिकीट न काढलेला श्रोता

१९६४ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या फौजदारी न्यायालयात एक विचित्र प्रयोग रंगला. आरोपी होता विनोदकार लेनी ब्रूस, आरोप अश्लीलतेचा, आणि साक्षीला उभा होता शहराच्या परवाना खात्याचा एक निरीक्षक. ग्रिनिच व्हिलेजमधल्या ‘कॅफे ओ गो गो’त बसून त्याने ब्रूसच्या कार्यक्रमाची टिपणे काढली होती आणि त्या टिपणांवरून तो आता न्यायाधीशांना ब्रूसचे विनोद ऐकवत होता. मधले दुवे गळालेले, शिव्या तेवढ्या शाबूत. ब्रूस चडफडत होता तो शिक्षेच्या भीतीने नव्हे. हा माणूस माझा कार्यक्रम करतोय, तो साफ पडतोही आहे, आणि तुरुंगात मात्र मी जाणार, अशी त्याची तक्रार होती. शिक्षा झालीच, चार महिन्यांची. त्यावरचा वाद मिटण्याआधीच, ऑगस्ट १९६६ मध्ये ब्रूस गेला. २००३ च्या डिसेंबरात गव्हर्नर जॉर्ज पटाकी यांनी त्याला माफी दिली. न्यूयॉर्क राज्याच्या इतिहासातली ती पहिली मरणोत्तर माफी.

ही कहाणी अभिव्यक्तिस्वातंत्र्याची म्हणून शेकडो वेळा सांगून झाली आहे. आम्हाला तिच्यातला दुसराच धागा महत्त्वाचा वाटतो. विनोद कशावरून जोखायचा? तो ऐकून आलेल्याच्या सांगण्यावरून की खुद्द तो ऐकून? ब्रूसच्या बाबतीत उत्तर देणारा पुरावा शिल्लक आहे. १९६१ च्या फेब्रुवारीत न्यूयॉर्क बर्फाखाली गाडले गेले असताना मध्यरात्री कार्नेगी हॉलमध्ये त्याचा कार्यक्रम झाला. रस्ते बंद, वाहने ठप्प, तरीही सभागृह भरलेले. त्याचे ध्वनिमुद्रण ब्रूसच्या मृत्यूनंतर पूर्णपणे बाहेर आले. सुरुवातीलाच तो कल्पना लढवतो की या हॉलच्या मालकांना आपण इथे आलोय याचा पत्ताच नसला तर? तिथून जो निघतो तो धर्म, कायदा, गोरा-काळा असा कुठेही भटकतो, वाक्य अर्धवट टाकतो, मागच्या विषयाला पुन्हा येऊन भिडतो. शिव्या आहेत, पण बोलण्याच्या ओघात आहेत. निरीक्षकाच्या वहीत हा ओघ मावणारा नव्हताच.

विनोदाचे ध्वनिमुद्रण ही मुळात हशा टिपण्याची नव्हे, तर हशाचे सोंग वठवण्याची कला होती. १८९० च्या दशकात मेणाच्या नळकांड्यांवर आवाज कोरला जाई आणि समोर श्रोते नसत, असत ते फक्त पत्र्याचे कर्णे. गुलामगिरीत जन्मलेला जॉर्ज डब्ल्यू. जॉन्सन त्या काळात त्याच्या हसण्याच्या गाण्यासाठी प्रसिद्ध होता. घाऊक प्रती काढण्याची सोय नव्हती, म्हणून पाच-सहा यंत्रे समोर मांडून त्याला तेच गाणे पुन्हा पुन्हा म्हणावे लागे, आणि प्रत्येक वेळी तितक्याच जोमाने हसावे लागे. हसण्याची अशी रोजंदारी दुसऱ्या कुणाच्या वाट्याला आली असेल असे वाटत नाही. कॅल स्टुअर्टचा खेडवळ ‘अंकल जॉश’ही स्वतःच्या गमतींना स्वतःच हसे. आणि १९१३ मध्ये जो हेमनची ‘कोहेन ऑन द टेलिफोन’ आली. मोडक्यातोडक्या इंग्रजीत फोनवर घरमालकाकडे दाद मागू पाहणारा ज्यू भाडेकरू, आणि आपल्याला ऐकू येते ती फक्त त्याची बाजू. या फोनची आठवण ठेवावी, कारण सत्तेचाळीस वर्षांनी तो पुन्हा वाजला.

मधल्या काळात दोन यंत्रांनी चित्र पालटले. युद्धानंतर अमेरिकेत चुंबकीय टेप आली आणि १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीने मिनिटाला ३३⅓ फेरे घेणारी एल. पी. बाजारात आणली. जुन्या ७८ च्या तबकडीवर तीन-चार मिनिटे मावत. आता एका बाजूला वीसेक मिनिटे. विनोदी कलाकाराला क्लबमध्ये जेवढा वेळ मिळतो, जवळपास तेवढाच. मुख्य म्हणजे टेपवर पहिल्यांदा खरा, परक्यांचा, अनपेक्षित हशा उतरला. कुठल्या टेबलावरून आधी फुटला, कुठे दबला, कुठे कुणी एकटेच उशिरा हसले, हे सगळे.

मॉर्ट सालच्या ‘अॅट सनसेट’ला आज आधुनिक स्टँड-अपचे सर्वांत जुने ध्वनिमुद्रण मानतात. मुद्रण १९५५ चे, कॅलिफोर्नियातल्या कार्मेलमधले. कंपनीने ते १९५८ मध्ये सालच्या परवानगीशिवाय विकायला काढले आणि त्याने हरकत घेतल्यावर मागे घेतले. आरंभच असा तंट्याचा. त्याच सुमारास रेड फॉक्सचे वेगळेच चालले होते. लॉस एंजेलिसच्या डूटोन या छोट्या कंपनीने १९५६ मध्ये त्याची ‘लाफ ऑफ द पार्टी’ काढली. या ‘पार्टी रेकॉर्ड’ काळ्या वस्त्यांतल्या दुकानांत हातोहात खपत आणि इतरत्र गल्ल्याखालून मिळत. घरी आणायच्या, मुले झोपल्यावर पाहुण्यांसमोर लावायच्या. ज्या गोऱ्या गृहस्थाने फॉक्सच्या क्लबात कधी पाऊल टाकले नसते, तोही दिवाणखान्यात दार लावून त्याला ऐकत होता. तिकीट न काढलेला श्रोता म्हणतो तो हाच. तबकडीने विनोदाला पहिल्यांदा असा श्रोता मिळवून दिला. कला म्हणून विनोदाने जे मिळवले ते इथून, आणि त्याच्या पाठीमागे लागलेली भांडणेही इथूनच.

हा श्रोता राजरोस केला तो बॉब न्यूहार्टने. शिकागोतला हा हिशेबनीस कंटाळा आला म्हणून मित्राबरोबर फोनवर गमतीजमती करू लागला. त्यांच्या टेप वॉर्नर ब्रदर्सच्या रेकॉर्ड कंपनीला आवडल्या. कंपनीची स्थिती त्या वेळी डबघाईची होती. तुझ्या पुढच्या नाइट क्लबच्या कार्यक्रमात मुद्रण करू, असे कंपनीने सांगितले. अडचण इतकीच की न्यूहार्टने नाइट क्लबमध्ये आजवर एकही कार्यक्रम केला नव्हता. शेवटी ह्यूस्टनच्या टाइडलँड्समध्ये त्याची तारीख ठरवावी लागली. १९६० मध्ये ‘द बटन-डाउन माइंड ऑफ बॉब न्यूहार्ट’ आली आणि चौदा आठवडे विक्रीच्या यादीत पहिली राहिली. विनोदाची तबकडी पहिल्या क्रमांकावर जाण्याची ती पहिलीच वेळ. पुढच्या वर्षी वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचे ग्रॅमी तिनेच पटकावले, आणि हरलेल्यांत फ्रँक सिनात्रा होता.

ती ऐकली की कळते हा माणूस गाणाऱ्यांना का भारी पडला. गेटिसबर्गच्या भाषणाआधी लिंकनला त्याच्या प्रसिद्धीप्रमुखाचा फोन येतो. आपल्याला फक्त प्रसिद्धीप्रमुख ऐकू येतो. तो म्हणतो, दाढी काढू नकोस, भाषण टंकलिखित करू नकोस, पाकिटाच्या पाठीवरच लिही असे किती वेळा सांगितले तुला. मध्ये तो थांबतो. त्या थांबण्यात लिंकन काय म्हणाला हे न्यूहार्ट सांगत नाही, आपण ऐकतो. पलीकडून काय आले असेल ते कळायच्या आत त्याचा चाचरत, अतिनम्र आवाज पुन्हा सुरू होतो आणि हशा येतो तो त्या आवाजाला नव्हे, आपण मनात रचलेल्या लिंकनच्या वाक्याला. रंगमंचावर हे निम्मेच उरले असते, कारण तिथे हातात नसलेला फोन दिसतो. तबकडीवर बघायला काही नसते, त्यामुळे पलीकडचा माणूस खरा वाटतो. विनोद खास याच माध्यमासाठी बेतलेला असल्याचे यापेक्षा चांगले उदाहरण आम्हाला माहीत नाही. आणि हो, कोहेनचा फोन तो हाच.

यशाला कसलीही दृष्ट लागू शकते, हे व्हॉन मीडरकडे पाहून कळते. केनेडी कुटुंबाची नक्कल असलेली त्याची ‘द फर्स्ट फॅमिली’ २२ ऑक्टोबर १९६२ रोजी न्यूयॉर्कमध्ये मुद्रित झाली. क्युबातल्या क्षेपणास्त्रांविषयी केनेडींनी देशाला उद्देशून भाषण केले ती हीच संध्याकाळ. आत बसलेल्या श्रोत्यांना बाहेर काय चालले आहे याची गंधवार्ता नव्हती, म्हणून ते मनमोकळे हसले. त्यात राष्ट्राध्यक्ष मुलांच्या न्हाणीतली खेळणी पत्रकार परिषदेच्या थाटात वाटून देतात आणि रबरी हंस मात्र स्वतःकडे ठेवतात. अनेक कंपन्यांनी नाकारलेल्या या तबकडीच्या पंचाहत्तर लाख प्रती खपल्या. वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचे ग्रॅमीही तिला मिळाले. केनेडी गमतीने म्हणाले की हा आवाज माझ्यापेक्षा माझ्या भावाचा, टेडीचा वाटतो. मग २२ नोव्हेंबर १९६३ उजाडला आणि केनेडींची हत्या झाली. केडन्स कंपनीने दुकानांतल्या प्रती मागवून नष्ट केल्या, मीडरचे ठरलेले कार्यक्रम रद्द झाले आणि सत्तावीस वर्षांच्या त्या माणसाची कारकीर्द एका दुपारी आटोपली. त्याने कुणाला शिवी दिली नव्हती, कुणाच्या भावना दुखावल्या नव्हत्या. ज्याची नक्कल करत होता तो माणूस उरला नाही, एवढेच. सत्तेवरच्या विनोदाला असे दैवही भोवते. त्याचा दोष कुणाला द्यायचा?

पुढच्या भांडणात दोष देण्यासाठी माणसे होती. जॉर्ज कार्लिनने १९७२ च्या ‘क्लास क्लाउन’मध्ये दूरचित्रवाणीवर कधीच उच्चारता येणार नाहीत अशा सात शब्दांची यादी दिली. त्याच वर्षी मिलवॉकीत त्या यादीवरून त्याला अटक झाली आणि पुढे खटला निकालात निघाला. १९७३ मध्ये आलेल्या पुढच्या अल्बममध्ये त्याने हाच विषय वाढवला, आणि ३० ऑक्टोबर १९७३ रोजी दुपारी न्यूयॉर्कच्या डब्ल्यूबीएआय या रेडिओ केंद्राने तो भाग लावला. आधी ताकीदही दिली होती. मोटारीतून मुलासह चाललेल्या एका गृहस्थाने तो मध्येच ऐकला आणि केंद्रीय दळणवळण आयोगाकडे तक्रार धाडली. तक्रार आली ती तेवढी एकच. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि ३ जुलै १९७८ रोजी पाच विरुद्ध चार मतांनी निकाल आयोगाच्या बाजूने लागला. रेडिओ घरात न विचारता शिरतो आणि मुलेही ऐकत असतात, म्हणून वेळ-काळ ठरवण्याचा अधिकार सरकारला आहे, असा युक्तिवाद न्यायमूर्ती स्टीव्हन्स यांनी केला. डुक्कर दिवाणखान्यात शिरले की ते अश्लील आहे की नाही हे सिद्ध करत बसण्याची गरज नसते, अशी उपमाही वापरली.

निकाल आम्हाला पटत नाही, पण एका बाबतीत त्या न्यायालयाचे ऋण मानावे लागते. कार्लिनचा तो बारा मिनिटांचा भाग निकालपत्राच्या परिशिष्टात अक्षरशः छापला आहे. सातही शब्द, अख्खी वाक्ये, आणि मधूनमधून कंसात हशाची नोंद. १९६४ च्या वहीतले टिपण आणि हे परिशिष्ट यांतला फरक अगदी जवळून पाहावा असा आहे. टिपणात तुकडे होते. परिशिष्टात शब्द कुठे आला, त्याआधी काय होते, लोक कुठे हसले, हे वाचता येते, आणि ज्याला निकाल चुकीचा वाटतो त्याला तो चुकीचा का हे दाखवायला पुरावाही त्याच कागदावर मिळतो. तो कागद वाचताना लक्षात येते की कार्लिनचा रोख शब्दांवर नव्हता, त्यांना घाबरणाऱ्यांवर होता.

रिचर्ड प्रायरची १९७४ ची तबकडी तर या सगळ्याला वेगळ्याच जागी नेऊन ठेवते. तिच्या नावातच काळ्यांना दिली जाणारी शिवी होती. मुद्रण सॅन फ्रान्सिस्कोतल्या क्लबमध्ये, मुख्यतः काळ्या श्रोत्यांपुढे झाले. तिला विनोदाचे ग्रॅमी मिळाले आणि ती गोऱ्या घरांतही शिरली. तिच्यातला हशा ऐकण्यासारखा आहे. दारुडे, धर्मोपदेशक, पोलिसांपुढे हात वर करणारी माणसे या सगळ्यांना प्रायर ज्या श्रोत्यांपुढे उभे करतो, ते त्यांना शेजारपाजारचे म्हणून ओळखतात. त्यांच्या हसण्यात ओळख पटल्याचा खणखणीतपणा आहे. गोरा श्रोता भिंतीपलीकडून हे ऐकतो, आणि ही माणसे आपल्या नकळत एकमेकांवर, स्वतःवर आणि मग आपल्यावर हसतात हे त्याला कळते. शाळा-कॉलेजांनी हे शिकवले नसते. पुढे आफ्रिकेला जाऊन आल्यावर प्रायरने तो शब्द आपल्या कार्यक्रमातून काढूनच टाकला. विनोदकाराने स्वतःच्या मनाने सोडलेला शब्द आणि पोलिसाने सोडायला लावलेला शब्द, यांतले अंतर कायद्याच्या पुस्तकात सापडत नाही.

आता तबकडीने विनोदाचे काय बिघडवले तेही सांगायला हवे. स्टीव्ह मार्टिनच्या ‘लेट्स गेट स्मॉल’ (१९७७) आणि ‘अ वाइल्ड अँड क्रेझी गाय’ (१९७८) लाखोंनी खपल्या. दुसरी तर यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढली. परिणाम असा झाला की तो मोठमोठ्या मैदानी सभागृहांत उभा राहिला की लोक त्याचे वाक्य त्याच्याआधीच ओरडत. विनोद ऐकायला कुणी येत नव्हते, पाठ केलेले म्हणायला येत होते. १९८१ मध्ये त्याने स्टँड-अप सोडून दिले. अनपेक्षिततेवर उभा असलेला विनोद तबकडीने घरोघरी पोहोचवला आणि तिथेच त्याचा अनपेक्षितपणा संपवला.

मराठी वाचकाला यावर लगेच एक शंका येईल, आणि ती रास्त आहे. पु. ल. देशपांडे यांच्या ‘म्हैस’, ‘अंतू बर्वा’, ‘नारायण’ या कॅसेट ज्यांना तोंडपाठ आहेत अशी माणसे आजही गावोगाव आहेत, अमेरिकेत स्थायिक झालेल्या घरांतही आहेत. तीही पुढचे वाक्य आधीच म्हणतात. मग तिथे मजा का संपत नाही? आमच्या मते कारण असे की मार्टिनचा विनोद धक्क्याचा होता आणि पु. लं.चा माणसाचा. अंतू बर्वा काय बोलणार हे ठाऊक असले तरी तो कसा बोलणार, कुठल्या शब्दाला जरा रेंगाळणार, यासाठी आपण पुन्हा बसतो. न्यूहार्टचा प्रसिद्धीप्रमुख याच जातीचा. १९६१ मध्ये पु. लं.नी ‘बटाट्याची चाळ’ एकट्याने उभी केली तेव्हा त्यांनी न्यूहार्टला ऐकले असेल-नसेल, त्याने काही बिघडत नाही. एका आवाजात अख्खी चाळ मावते हे दोघांनाही आपापल्या जागी समजले होते. तबकडी हे विनोदाचे गाळणे आहे: धक्का वाहून जातो, माणूस मागे राहतो.

१९७५ अखेरीस एचबीओने रॉबर्ट क्लाइनचा कार्यक्रम दाखवून विनोदाच्या विशेष कार्यक्रमांची सुरुवात केली, मग व्हिडिओ कॅसेट आल्या, आणि तबकडीचा जोर ओसरला. पुढचा इतिहास सगळ्यांच्या खिशातल्या फोनवर आहे. तरी न पुसता येणारा प्रश्न तोच आहे: विनोद कशावरून जोखायचा?

मार्च २०२५ मध्ये मुंबईत खारच्या ‘हॅबिटॅट’मध्ये चित्रित झालेला कुणाल कामरा यांचा कार्यक्रम यूट्यूबवर आला. त्यातले उपमुख्यमंत्री एकनाथ शिंदे यांच्यावरच्या विडंबनगीताचा तुकडा फिरू लागला आणि शिंदे यांच्या पक्षाच्या कार्यकर्त्यांनी त्या जागेची मोडतोड केली. दुसऱ्या दिवशी महापालिकेचे पथक हातोडे घेऊन तिथे हजर. विनोद आवडला नाही असे म्हणण्याचा हक्क प्रत्येकाला आहे आणि तो आमच्या लेखी लहान नाही. कार्लिनविषयी तक्रार करणाऱ्या गृहस्थाकडेही एक मुद्दा होता: रेडिओ त्याने लावला होता, पण ऐकायला काय मिळेल हे त्याच्या हाती नव्हते. यूट्यूब मात्र आपण होऊन उघडावे लागते. तुकडा पाठवणारा, तो पुढे ढकलणारा आणि तो पाहून दगड उचलणारा यांतले किती जण अख्खा कार्यक्रम पाहायला बसले असतील? १९६४ च्या त्या निरीक्षकाने निदान कार्यक्रमाला हजेरी तरी लावली होती. ज्या दालनात विनोद झाला त्याच्या खुर्च्या मोडून विनोद परत घेता येत नाही; तो तोवर लाखो फोनांवर पोहोचलेला असतो. मोडते ती उद्या नवख्या मुलाने उभे राहून पडण्याची जागा. आणि आधी पडायला मिळाल्याशिवाय कुणी न्यूहार्ट होत नाही. न्यूहार्ट हाच काय तो अपवाद.

म्हणून आमचे म्हणणे एवढेच: विनोदावर खटला भरायचाच असेल तर तो अख्ख्या मुद्रणावर भरावा. आरोपपत्राला पूर्ण कार्यक्रम जोडावा, शब्दशः, हशासकट, जसा त्या परिशिष्टात जोडला होता. तीस सेकंदांच्या तुकड्यावर गुन्हा नोंदवणे म्हणजे निरीक्षकाच्या वहीवरून पुन्हा निकाल देणे.

आणि मुद्रण जपावे लागेल. अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसने राष्ट्रीय ध्वनिमुद्रण यादीत साल, न्यूहार्ट, कार्लिन या सगळ्यांना जागा दिली आहे. ज्या तबकडीला सालने स्वतः नाकारले तिलाही. मात्र आजच्या ध्वनिमुद्रणांचे काय, हे तिथेही धड ठरलेले नाही. गाण्याला दोन मोबदले मिळतात, रचनेचा आणि मुद्रणाचा. विनोदाला स्ट्रीमिंग कंपन्या मुद्रणाचाच देत आल्या. लिखाणाचाही द्या, अशी मागणी कलाकारांच्या वतीने होताच २०२१ च्या अखेरीस स्पॉटिफायने जॉन मुलेनी, केव्हिन हार्ट, टिफनी हॅडिश यांच्यासह शेकडो कलाकारांचे विनोद आपल्या यादीतून उतरवले. पुढच्या वर्षी कार्लिन आणि रॉबिन विल्यम्स यांच्या वारसांनी पँडोरा कंपनीवर दावे लावले. पैशांचा हा तंटा वकील सोडवतील. ऐकणाऱ्याचा तंटा वेगळा आहे. काल रात्री ऐकलेला अल्बम सकाळी नाहीसा झाला, आणि त्यासाठी कुणाला पोलिसही पाठवावा लागला नाही. मीडरची ‘द फर्स्ट फॅमिली’ प्रकाशकाने स्वतः नष्ट केली, तरी ती अमेरिकेतल्या जुन्या वस्तूंच्या दुकानांत आजही सर्रास सापडते, कारण विकल्या गेलेल्या लाखो प्रती लोकांच्या कपाटांत होत्या.